ट्रायम्फ ट्रायडेंट पुन्हा रस्त्यावर आणताना: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वर्षानुवर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली ट्रायडेंट, म्हणजे ट्रायम्फची जुनी तीन सिलिंडरची ब्रिटिश मोटारसायकल, घरी येते. टाकीत ताजं पेट्रोल पडतं, नवी बॅटरी बसते आणि त्याच संध्याकाळी किक मारली जाते. इंजिन सुरू झालं तर सगळे खूश होतात, आणि काही शे मैलांनंतर खालून बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचा) आवाज येऊ लागतो. सुरू झालं नाही तर कार्ब्युरेटर उघडले जातात, मग पॉइंट (प्लगला ठिणगी कधी पडेल ते ठरवणारे संपर्क) हलवले जातात, मग परत कार्ब्युरेटर. पार्ट बहुतेक वेळा ठीक असतात, क्रम चुकलेला असतो. तीन सिलिंडरच्या या इंजिनात प्रत्येक चूक तीनदा होते आणि तिन्ही चुका एकमेकींना झाकतात, म्हणून इथे क्रमाला फार महत्त्व आहे.

पुढचं सगळं ट्रायम्फच्या टी१५०, टी१५०व्ही आणि टी१६० या ट्रायडेंटना आणि बीएसएच्या रॉकेट ३ ला लागू आहे. इंजिन एकाच घराण्यातलं आहे: ६७ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ७० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), ७४० सीसी, १२० अंशांची क्रँक, पुशरॉडवर चालणारे सहा व्हॉल्व्ह. पण टी१५० चे सिलिंडर सरळ उभे, तर रॉकेट ३ आणि टी१६० चे पुढे झुकलेले. त्यामुळे ‘ट्रायडेंटचा पार्ट’ एवढंच सांगून काहीही मागवू नका.

१. कागद, नंबर आणि नट-बोल्टचे पाने

सर्वांत आधी डाव्या बाजूला क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या घरावर) ठोकलेला इंजिन नंबर आणि फ्रेमच्या हेडस्टॉकवरचा (हँडल बसतं त्या पुढच्या भागावरचा) नंबर जुळवा. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा दोन्ही सारखे होते. १९६९ पासून नंबराच्या सुरुवातीला दोन अक्षरं येतात, पहिलं महिन्याचं आणि दुसरं वर्षाचं. ‘डीई’ म्हणजे एप्रिल १९७१. नंबर जुळत नसतील तर गाडी टाकाऊ ठरत नाही, पण इंजिन एका वर्षाचं आणि फ्रेम दुसऱ्या वर्षाची असते, आणि पार्टची यादी दोन पुस्तकांतून करावी लागते. हे इंजिन उघडल्यावर कळलं तर चुकीच्या गॅस्केटचा सेट आधीच घरात आलेला असतो.

ब्रिटनमध्ये राहून गाडी घेणार असाल तर व्ही५सी लॉगबुकवरचे (नोंदणीच्या कागदावरचे) नंबरही याच वेळी पडताळा. ४० वर्षांवरच्या गाडीला तिथे एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक) चाचणीतून सूट मिळते, पण गाडीत मोठे बदल केलेले नसावे लागतात. रस्ता कर शून्य असला तरी नोंद करावीच लागते. सूट आहे म्हणून चाचणी टाळू नका. काम संपल्यावर स्वतःहून एमओटी करून घ्या. ब्रेक आणि स्टिअरिंगवर परक्या डोळ्यांची नजर पडणं फायद्याचंच असतं.

मग पाने. या गाडीवर अनेक वर्षांच्या पद्धतींचे आटे एकत्र नांदतात: यूएनएफ आणि यूएनसी (इंचातले बारीक आणि जाड आटे), आणि अधूनमधून व्हिटवर्थ किंवा जुने सायकल आटे. त्यामुळे इंचाचे एएफ पाने (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधल्या मापाचे) आणि व्हिटवर्थ पाने असे दोन्ही संच लागतात.

सावधान: १३ चा मिलिमीटर पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गोल होतात. नट पान्यात किंचितही हलत असेल तर पाना चुकीचा आहे.

याशिवाय इंचातलं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क रेंच, मल्टिमीटर, टायमिंगसाठी स्ट्रोब दिवा, क्लच आणि गिअर काढायचे पुलर आणि त्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल व पार्ट बुक हवं. टॉर्कचे आकडे मी इथे देत नाही. ते तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. भारतातून पार्ट मागवणार असाल तर सुटे सुटे मागवू नका. मोजमापं झाल्यावर एकच पूर्ण यादी करा, नाहीतर वाहतूक आणि कस्टमचा खर्च पार्टच्या किमतीवर जातो.

२. किकला हात लावण्याआधी

या इंजिनाचं ऑईल वेगळ्या टाकीत असतं. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ते पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं. टाकी रिकामी दिसते, मालक ती भरतो आणि किक मारतो. आता इंजिनात दुप्पट ऑईल असतं. क्रँक त्यात घुसळते, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आणि कुठल्याही अशक्त सीलमधून ऑईल बाहेर पडतं, आणि ‘ब्रिटिश गाड्या गळतातच’ असा निष्कर्ष निघतो.

म्हणून टाकीत थेंबही न घालता आधी खालचा ड्रेन उघडा. स्वच्छ पांढरा ट्रे ठेवा आणि ऑईल सगळं उतरू द्या. मग संपची (क्रँककेसच्या तळाची) जाळी काढा आणि टॉर्च तिरपी धरून ट्रेचा तळ बघा. ऑईल पातळ करून ओतलं की तळाशी जे राहतं ते वाचता येतं: चमकणारी पांढरी चूर म्हणजे ॲल्युमिनियम, बहुधा पिस्टनचं. पिवळसर कण म्हणजे ब्राँझ, बुशचं. मऊ, राखाडी, नखाने चिरडली जाणारी पापडी म्हणजे शेल बेअरिंगचा (अर्धगोल पातळ पत्र्यांच्या बेअरिंगचा) थर. ही शेवटची दिसली तर इंजिन उघडायचं हे ठरलं. तिथून पुढे किक मारायचा मोह टाळा. कॉफीत दूध घातल्यासारखं ऑईल दिसलं तर पाणी शिरलं आहे.

यानंतर तिन्ही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर पातळ ऑईल सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी वरच्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने सावकाश फिरवून क्रँक फिरते का बघा. किकच्या मानाने चाकावर जोर हलका पडतो आणि कुठे अडतंय ते हाताला कळतं.

सावधान: पिस्टन अडकला असेल तर ढकलू नका, पाईप लावून किक दाबू नका. भेदक तेल घालून दिवसच्या दिवस थांबा. घाईत तुटते ती रिंग, आणि ती बोअर चिरत जाते.

तपासा: क्रँक मोकळी फिरली की प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून तिन्ही बोअर बघा. गंजाचा पट्टा, उभा ओरखडा, पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्ह आपटल्याची खूण, यांतलं जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा.

३. किती उघडायचं, हे मोजून ठरवा

‘पूर्ण रिस्टोरेशन’ हा शब्द उत्साहात फार लवकर उच्चारला जातो. चांगल्या अवस्थेतलं, नीट जुळून बसलेलं इंजिन उगाच सोडवलं की ते पुन्हा तेवढंच नीट बसेल याची खात्री नसते. तेव्हा आधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि तिन्ही प्लग बाहेर असू द्या. इथे आकडा किती मोठा यापेक्षा तिघांमधला फरक जास्त बोलतो. एक सिलिंडर मागे असेल तर त्यात थोडं ऑईल घालून परत मोजा. आकडा वाढला तर दोष रिंग-बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा.

ट्रे स्वच्छ, कॉम्प्रेशन सारखं, क्रँकला वर-खाली ढिलाई नाही: अशा गाडीचं खालचं इंजिन उघडू नका. ऑईल, फिल्टर, पाईप, वायरिंग, कार्ब्युरेटर, ब्रेक एवढं करून ती चालवा आणि ऑईलचं प्रेशर गेजवर बघा. नुसत्या प्रेशरच्या दिव्यावर विसंबू नका. दिवा विझतो तो अगदी थोड्या प्रेशरला, आणि बेअरिंगला त्याहून बरंच जास्त लागतं.

ट्रेमध्ये शेलची पापडी, एकाच सिलिंडरला कमी कॉम्प्रेशन किंवा आधीच्या मालकाने कुठे ‘थोडं’ काम केलं आहे असं ऐकलं असेल, तर मात्र अर्धवट थांबू नका. नवे पिस्टन वर आणि झिजलेलं बिग एंड खाली, ही जोडी टिकत नाही.

४. खालचा भाग

उघडताना प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, लेबल लावून ठेवा. टायमिंग कव्हर उघडल्यावर गिअरवरच्या खुणा जुळवून फोटो घ्या, मगच गिअर काढा.

क्रँककेस तीन भागांचं आहे: मधला भाग आणि दोन बाजूंचे. क्रँक चार बेअरिंगवर बसते. बाहेरची दोन बॉल-रोलरची, आतली दोन शेलची. बिग एंडलाही शेलच आहेत. क्रँक मोजायला द्याल तेव्हा लेथवाल्याला तिन्ही बिग एंड जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे क्रँकचे गोल भाग) आणि दोन्ही मधली जर्नल, प्रत्येक दोन दिशांनी मोजायला सांगा. एकच जर्नल खराब असलं तरी तिन्ही बिग एंड एकाच मापाला ग्राइंड करा. शेल कधीही घासून ‘बसवू’ नका.

ग्राइंड होऊन आलेली क्रँक म्हणजे स्वच्छ क्रँक, असं समजू नका. ऑईलच्या आतल्या वाटांत ग्राइंडिंगची चूर अडकलेली असते. प्रत्येक भोकातून रॉकेल आणि मग हवा सोडा, पांढरं फडकं धरा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत करत राहा. कनेक्टिंग रॉडचे सेल्फ-लॉकिंग नट परत वापरू नका. शेलमधली फट प्लास्टिगेजने (दाबल्यावर रुंदीवरून फट सांगणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्याने) मोजा आणि वहीत लिहा.

तपासा: केस बंद करण्याआधी क्रँक फक्त हाताने फिरवा. ती गुळगुळीत फिरली पाहिजे. एखाद्या जागी जड लागली तर पुढे जाऊ नका, बोल्ट परत सोडा.

५. ऑईलची पूर्ण वाट

नव्याने बांधलेलं इंजिन पुन्हा निकामी होण्याचं एक कारण वारंवार दिसतं: इंजिन स्वच्छ केलं, ऑईल कूलर नाही. जुन्या बिघाडातले कण कूलरच्या अरुंद नळ्यांत बसून राहतात. इंजिन गरम झालं, ऑईल जोरात वाहिलं की ते सुटतात. आधी बेअरिंग गेलेल्या गाडीचा कूलर धुऊन भागत नाही. तो बदला. कितीही धुतला तरी आत काय राहिलं ते दिसत नाही, आणि नव्या क्रँकपुढे कूलरची किंमत काहीच नाही.

मग टाकी. ती काढा, आतली जाळी काढा, तळाचा गाळ खरवडून धुवा. रबराचे सगळे ऑईल पाईप नवे घ्या. बाहेरून ठीक दिसणारा जुना पाईप आतून सोलतो आणि ती साल पंपाच्या तोंडाशी जाऊन बसते. क्रँककेसमधला कागदी फिल्टर नवा आणि त्याच्या टोपणाची ओ-रिंगही नवी घ्या.

पंप गिअरचा आहे. त्याच्या बॉडीत आणि गिअरवर ओरखडे असतील तर तो दुरुस्त होईल या आशेवर राहू नका. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह सोडवून धुवा, पिस्टन बोटाने हलवून बघा. ऑईल खाली झिरपू न देणारा चेंडूचा व्हॉल्व्ह बसतो त्या जागेवर कचऱ्याचा एक कण असला तरी टाकी रात्रीतून रिकामी होते.

टाकीखाली बंद करायची तोटी लावून झिरपणं थांबवावं का, असं अनेक जण विचारतात. लावू नका. एकदा उघडायला विसरलात की बेअरिंग काही मिनिटांत जातात. लावायचीच असेल तर तोटी बंद असताना इग्निशन चालूच होणार नाही असा स्विच जोडा.

६. पिस्टन, बॅरल, हेड

बॅरल ॲल्युमिनियमचा आणि आत लोखंडी लाइनर. बोअर प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजा. नवे पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंग करून घ्या. आधी बोअर आणि मग त्याला बसेल असा पिस्टन, हा उलटा क्रम आहे. रिंगचं अंतर ती रिंग त्याच सिलिंडरमध्ये घालून मोजायचं आणि तिची जागा बदलायची नाही.

तीन पिस्टनवर बॅरल बसवणं हे या इंजिनातलं सर्वांत नाजूक काम आहे आणि ते एकट्याने करू नये. १२० अंशांच्या क्रँकमुळे तिन्ही पिस्टन कधीच एका उंचीला येत नाहीत. पण मधला पिस्टन अगदी वर आणला की बाहेरचे दोन एकमेकांच्या बरोबरीला असतात, आणि मधल्यापेक्षा पाच सेंटीमीटरहून खाली. म्हणजे आधी फक्त मधल्याच्या रिंगा दाबून तो बॅरलमध्ये घ्यायचा. बॅरल त्याच्यावर टेकवत हळूहळू खाली आणायचा. मग दोघांनी दोन बाजूंच्या क्लॅम्पने बाहेरचे दोन एकाच वेळी आत घ्यायचे. कनेक्टिंग रॉडखाली लाकडाच्या चपट्या पट्ट्या घातल्या की पिस्टन डोलत नाहीत. क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद ठेवा, सर्क्लिप आत पडली तर सगळा दिवस जातो.

सावधान: बॅरल अडला तर वरून ठोकू नका. जवळजवळ नेहमी एखाद्या रिंगचं टोक बाहेर आलेलं असतं. वर उचला, बघा, परत घ्या.

हेडकडे वळताना व्हॉल्व्ह गाईडची ढिलाई, सीट आणि स्प्रिंगची लांबी बघा. हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघा. पुशरॉडच्या नळ्यांची सीलं ही या इंजिनाची ओळखीची गळतीची जागा आहे आणि तिथली चूक बहुधा अशी असते: गळू नये म्हणून जाड सील घातलं जातं. जाड सील हेडला उचलून धरतं, हेड गॅस्केटवर नीट दबत नाही, आणि ऑईलऐवजी कॉम्प्रेशन गळू लागतं. म्हणून एकदा नुसतं ठेवून बघा. बोल्ट हाताने लावल्यावर हेड आणि गॅस्केटमध्ये किती फट राहते, ती सीलं थोडी दाबल्यावर बंद होते का, हे मोजा. मगच शेवटचं बसवा.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत घट्ट करा. रॉकर बॉक्स बसवताना पुशरॉड जागेवरून सरकतात आणि वरून दिसत नाहीत. बॉक्सचे बोल्ट थोडे थोडे, सगळे सारखे आवळा, आणि मध्येमध्ये क्रँक हाताने फिरवून सहाही रॉकर हलतात का बघा. एक जरी गप्प राहिला तरी थांबा.

७. क्लच

ट्रायडेंटचा क्लच कोरडा, एकाच प्लेटचा आहे. तो ऑईलमध्ये भिजायला नको. क्लच घसरत असेल तर नवी प्लेट घालण्याआधी ऑईल कुठून आलं ते शोधा. सील तेच राहिलं तर नवी प्लेटही भिजेल. प्रायमरी चेन टी१५० ला तिपदरी, टी१६० ला दुपदरी. मागवताना चूक करू नका. टेन्शनरचं रबर तडकलं असेल तर बदला. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ९० नंबर ऑईल घाला.

८. वायरिंग: पॉझिटिव्ह अर्थ

इथे नवखा माणूस आणि जुना मोटार इलेक्ट्रिशियन दोघंही सारखेच फसतात. या गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चॅसीला जोडलेली असते, आणि लुकास कंपनीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) लाल वायर म्हणजे अर्थ. लाल म्हणजे करंट असं समजून बॅटरी उलटी जोडली की डायोड जातात आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर तेही जातं. करंटची मुख्य वायर तपकिरी-निळी, इग्निशन स्विचनंतरची पांढरी. फ्यूज निगेटिव्ह बाजूच्या वायरमध्ये असतो.

बॅटरी जोडण्याआधी तिच्यावर रंगीत टेपने मोठ्ठी खूण करा आणि सीटखाली ‘पॉझिटिव्ह अर्थ’ असं लिहून चिकटवा. पुढच्या वेळी गाडीला हात लावणारे तुम्हीच असाल असं नाही.

जुन्या हार्नेसचे बुलेट कनेक्टर बाहेरून चकचकीत आणि आतून हिरवे असतात. एकेक ओढून साफ करा, ढिले असतील तर नवे घाला. इंजिनापासून बॅटरीपर्यंत अर्थची एक वेगळी जाड वायर टाका. रंगवलेल्या फ्रेमवर विसंबलेला अर्थ हे अर्ध्या इलेक्ट्रिकल तक्रारींचं मूळ आहे. आल्टरनेटरचा स्टेटर (स्थिर भाग) बसवताना रोटरभोवती (फिरणाऱ्या भागाभोवती) सगळीकडे किमान ०.००८ इंच फट हवी. एका बाजूला स्टेटर टेकला की रोटर तो खरवडतो. चार्जिंग सांभाळणारे जुने भाग, म्हणजे झीनर डायोड आणि रेक्टिफायर, काढून एकत्र आधुनिक रेग्युलेटर घालणं हा बदल मला पूर्ण मान्य आहे. बाहेरून दिसत नाही आणि बॅटरी वाचते.

९. टॅपेट, पॉइंट, टायमिंग, कार्ब्युरेटर: याच क्रमाने

इथला क्रम उलटा केला की कितीही मेहनत केली तरी गाडी नीट बोलत नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) चुकला तर पॉइंट बरोबर असूनही चुकल्यासारखे वाटतात, टायमिंग चुकलं तर कार्ब्युरेटरवर खापर फुटतं.

टॅपेट. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलं तर उत्तम. ज्या सिलिंडरचं काम आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये अगदी वर आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. इनलेट ०.००६ इंच, एक्झॉस्ट ०.००८ इंच. लॉकनट आवळल्यावर परत मोजा, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो.

पॉइंट. तीन सिलिंडर, तीन पॉइंट, तीन कंडेन्सर, तीन कॉइल. प्रत्येकाचं अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच, त्या पॉइंटची हील (कॅमवर घासणारं टोक) कॅमच्या सर्वांत उंच जागी असताना. तिन्ही अंतरं आधी, मग टायमिंग. अंतर बदललं की टायमिंग बदलतं, म्हणून उलट करून चालत नाही. काळ्या-पांढऱ्या, काळ्या-लाल आणि काळ्या-पिवळ्या वायरी कुठल्या पॉइंटपासून कुठल्या कॉइलला जातात ते लेबल लावून ठेवा. पहिला सिलिंडर उजवीकडचा, आणि फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. १-२-३ धरून हाय टेन्शन वायरी लावल्या की इंजिन नुसतं फुटकतं.

टायमिंग. पूर्ण ॲडव्हान्सला ३८ अंश बीटीडीसी (पिस्टन अगदी वर येण्याआधी). आधी ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजनं मोकळी हलतात का आणि स्प्रिंग त्यांना परत ओढतात का ते बघा. ती अडकलेली असतील तर स्ट्रोबवर दिसेल ते खोटं असेल. पहिल्या सिलिंडरचं टायमिंग मोठ्या बेसप्लेटने बसवा, बाकी दोघांचं त्यांच्या छोट्या प्लेटने. पहिला बसवल्यावर मोठ्या प्लेटला हात लावायचा नाही. स्ट्रोबला करंट गाडीच्या नव्हे, वेगळ्या बॅटरीतून द्या. इंजिनाचा वेग ॲडव्हान्स थांबेपर्यंत वाढवून खूण बघा, आयडलला नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालायचं असेल तर कॉइल आधी तपासा. टी१६० ला सहा व्होल्टच्या कॉइल आणि बॅलास्ट रेझिस्टर होते. त्यांच्यावर कुठलीही किट सरळ जोडू नका. प्लगच्या टोप्या रेझिस्टरवाल्याच हव्यात.

कार्ब्युरेटर. तीन अमल कॉन्सेंट्रिक, २६ मिमी. आधी स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा भाग) आणि बॉडीची झीज बघा. स्लाइड हाताने हलवल्यावर खडखडत असेल तर कितीही ट्यून करा, आयडल स्थिर होणार नाही. सर्वांत जास्त त्रास पायलट जेटचा (आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाचा). तो या कार्ब्युरेटरमध्ये बॉडीच्या आत ठोकलेला असतो, स्क्रू काढून हातात येत नाही. त्यामुळे बॉडी अल्ट्रासॉनिकमध्ये धुतली, चमकली, आणि जेट मात्र बंदच. पायलट स्क्रूच्या भोकातून ०.०१६ इंचाचा बारीक ड्रिल चिमट्यात धरून, हाताने हलकेच फिरवत आत न्या. मग त्याच भोकातून कार्ब क्लीनर मारा. फवारा दुसऱ्या टोकाकडून बाहेर आला तरच जेट साफ झाला.

मॅनिफोल्ड आणि हेडमधले रबरी जोड नवे घ्या, क्लिपा घट्ट करा. तिथून हवा शिरली की तो एक सिलिंडर लीन होतो (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि मालक जेट बदलत बसतो. मग समकालन: तिन्ही स्लाइडखाली सारख्या जाडीच्या ड्रिलचे मागचे दांडे ठेवा, लिंकेजचे ॲडजस्टर फिरवून तिघांनाही सारखं टेकवा. तिन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. पायलट एअर स्क्रू बंद करून दीड फेरी उघडा, शेवटची जुळणी व्हॅक्यूम गेजवर, गरम इंजिनावर.

पेट्रोलबद्दल एवढंच: ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) आहे, त्याऐवजी ई५ असलेलं सुपर घाला. भारतात बहुतेक पंपांवर ई२० मिळतं, तिथे इथेनॉल झेलणारे पाईप, सुई आणि फ्लोट अगत्याने घाला. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोट बाउल रिकामे करा.

१०. पहिला स्टार्ट आणि रस्ता

प्लग बाहेर ठेवूनच किक किंवा स्टार्टरने इंजिन फिरवत राहा. ऑईलच्या टाकीचं झाकण उघडा आणि आत बघा. परतीच्या पाईपमधून ऑईल पडताना दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत प्लग लावायचे नाहीत, कितीही वेळ लागला तरी. इंजिन सुरू झाल्यावरही आधी नजर टाकीत, मग कान इंजिनाकडे.

उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि मधल्या सिलिंडरला तो सर्वांत कमी मिळतो. समोर मोठा पंखा लावा आणि काही मिनिटांत बंद करा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट परत टॉर्कला लावा, आणि त्यानंतर टॅपेट परत बसवा. हेड आवळलं की टॅपेट बदलतात, हे विसरणारे फार.

रस्त्यावर जाण्याआधी ब्रेकचे जुने रबरी पाईप बदला, ड्रमचं अस्तर बघा, डिस्क असेल तर मास्टर सिलिंडर उघडून साफ करा. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष. कोड तीन आकडी असेल तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, खाचा कितीही खोल असल्या तरी काढून टाका.

तपासा: पहिल्या २०-३० मैलांनंतर तिन्ही प्लग काढून ओळीने ठेवा. तिघांचा रंग सारखा हवा. मधला पांढरट आणि बाकी दोन तपकिरी असतील तर मधल्याच्या रबरी जोडापासून शोध सुरू करा.

पहिले २५० मैल झाल्यावर ऑईल आणि फिल्टर बदला, निघालेलं ऑईल त्याच पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या आणि तसंच टॉर्चने बघा. नव्या रिंगांची थोडी बारीक चूर दिसते, ती चालते. राखाडी पापडी चालत नाही.

११. पुढची देखभाल

ऑईल २०डब्ल्यू-५०, दर १५०० मैलांना, फिल्टरसकट. कमी चालवत असाल तर वर्षातून एकदा. पातळी बघायची ती गाडी चालवून आल्यावर लगेच, कधीच उभ्या गाडीची सकाळी नाही. महिनाभर उभी असेल तर आधी संपचा ड्रेन उघडून उतरलेलं ऑईल काढा, टाकीत परत घाला, मग किक. टॅपेट आणि पॉइंट दर ३००० मैलांना, त्याच क्रमाने. पॉइंटच्या कॅमवरच्या फेल्टला ग्रीसचा बारीक थेंब लावा, नाहीतर हील झिजून अंतर कमी होत जातं आणि टायमिंग मागे पडतं. रॉकर बॉक्सचे आणि एक्झॉस्टचे बोल्ट मोसमातून दोनदा हाताने तपासा. थ्रॉटल सोडल्यावर मागून फटफट आवाज येऊ लागला तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी एक्झॉस्टचे जोड बघा, विशेषतः मधल्या सिलिंडरच्या दुभंगणाऱ्या पाईपचे.